बेक्ड पास्ता: मैदा, पाणी, चीज आणि ओव्हन यांविषयीचे गैरसमज

बेक्ड पास्ता म्हणजे थोडा कच्चा राखून उकडलेला पास्ता सॉसमध्ये कालवून, वर चीज पसरून, कड खरपूस होईपर्यंत भाजलेला पदार्थ. इटलीत त्याला ‘पास्ता अल फोर्नो’ म्हणतात. फोर्नो म्हणजे भट्टी. तेलंगणात पैनगंगेलगतच्या बेला, जैनथ या मंडलांत किंवा आदिलाबाद शहरात मराठी घरातल्या रात्रीच्या जेवणाला तो करायचा ठरला, तर अडचण सामानाची फारशी येत नाही. पास्ता, चीज, लोणी किराणा दुकानात मिळते. अडचण येते ती ऐकीव समजुतींची.

पहिली समजूत अशी की पास्ता म्हणजे मैदा. अस्सल सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो. इटलीत १९६७च्या कायद्याने सुक्या पास्त्याला ड्युरमचा रवा बंधनकारक केला. ड्युरम हा काही परका गहू नाही. महाराष्ट्रात कोरडवाहू जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या पिकत आलेला बन्सी गहू ड्युरमच आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेला ‘एमएसीएस ४०२८’ हा वाणही ड्युरमचा, आणि त्यात सुमारे १४.७ टक्के प्रथिने आहेत. खपली गहू मात्र वेगळा. बन्सी आणि खपली एकच समजणे चूक. आदिलाबादच्या दुकानात ज्याला तेलुगूत ‘बॉम्बे रव्वा’ म्हणतात तो उपम्याचा रवा साधारणपणे पोळीच्या गव्हाचा असतो, म्हणून ‘रव्याचा’ एवढे वाचून भागत नाही. पाकिटावर ‘ड्युरम’ हा शब्द शोधावा. स्वस्त पास्त्यात मैदा किंवा मिश्रण असते आणि भाजताना त्याचा लवकर लगदा होतो.

याची उलटी समजूतही तितकीच पसरलेली आहे: मैदा नाही म्हणजे पास्ता पौष्टिक. ड्युरमच्या रव्यातूनही कोंडा आणि अंकुर काढलेलाच असतो. प्रथिने जास्त आणि घट्ट बांधणीमुळे पचन पावापेक्षा सावकाश, इतकाच फायदा. तंतूंसाठी भाज्या घालाव्या लागतात. पास्त्यात अंडे असतेच, ही समजूतही तशीच: सुक्या पास्त्यात बहुधा रवा आणि पाणी एवढेच असते. अंड्याचा पास्ता हा वेगळा प्रकार आहे आणि भारतात पाकिटावरच्या शाकाहारी-मांसाहारी खुणेवरून तो ओळखता येतो.

पास्ता मार्को पोलोने चीनहून आणला ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांबाहेरही फार टिकून आहे. पोलो व्हेनिसला परतला १२९५ मध्ये. त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षे आधी, ११५४ मध्ये, भूगोलकार अल्‌ इद्रिसीने सिसिलीत पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी सुक्या शेवया बनवून जहाजांनी दूरवर पाठवल्या जात असल्याचे लिहून ठेवले आहे. जिनोआतल्या १२७९च्या एका मालमत्तेच्या यादीत मॅकरोनीने भरलेल्या टोपलीची नोंद आहे. आणि पोकळ कणकेची कल्पना इथल्या माणसाला तरी नवी कुठे आहे? विदर्भातल्या सरगुंड्यांसाठी कणकेची बारीक दोरी काडीवर गुंडाळतात, काडी ओढून काढतात, वळ वाळवतात आणि उकडून आमरसाबरोबर खातात. सिसिलीतल्या त्रापानीची बुझियाते हीसुद्धा गवताच्या काडीवर वळलेली. कृती दोन्हीकडे एकच, फरक सोबतीचा.

उकडण्याच्या पाण्यात तेल घातले की पास्ता चिकटत नाही, हे सर्वाधिक घरांत पाळले जाणारे व्रत आहे. तेल पाण्यावर तरंगते आणि पास्ता तळाशी असतो. चिकटपणा येतो पहिल्या एकदोन मिनिटांत, पृष्ठभागावरचा स्टार्च फुगताना; त्या वेळी दोनतीनदा नीट ढवळले की काम झाले. गाळताना मात्र ते तेल पास्त्याला लागते आणि सॉस नीट धरू देत नाही. मीठ घातल्याने पाणी लवकर उकळते, हेही खरे नाही. लिटरला १० ग्रॅम मीठ घातले तर उत्कलनबिंदू जेमतेम ०.१७ अंश सेल्सिअसने वर जातो. मीठ चवीसाठीच. उकडून झालेला पास्ता नळाखाली धुण्याची सवयही इथे नको. पृष्ठभागावरच्या ज्या स्टार्चमुळे सॉस धरला जातो तोच वाहून जातो. थंड सॅलडसाठी धुवावा, बेकसाठी नाही.

पाकिटावर १० मिनिटे लिहिली असतील तर बेकसाठी ७ ते ८ मिनिटेच उकडावे. उरलेले पाणी पास्ता सॉसमधून ओढून घेतो. पूर्ण शिजवून घातलेला पास्ता ओव्हनमधून मऊ गोळा होऊन बाहेर येतो, आणि दोष चीजला दिला जातो.

पांढऱ्या सॉसला गुठळ्या होतात, कारण दूध थंड होते, अशी समजूत असते. पिठले करणाऱ्याला हे गणित आधीच ठाऊक आहे: पिठाचा कण बाहेरून शिजून आत कोरडा राहिला की गुठळी. लोण्यात मैदा परतताना प्रत्येक कणाभोवती स्निग्ध थर बसतो आणि कण सुटे राहतात. मग दूध थंड असो वा कोमट, ते थोडेथोडे घालून दर वेळी मिश्रण एकजीव केले तर गुठळी होत नाही. एकदम ओतले तर दोन्हींत होते. पाच माणसांसाठी ३५० ग्रॅम पास्ता घेतला तर १ लिटर दूध, ६० ग्रॅम लोणी आणि ६० ग्रॅम मैदा पुरतो. भांड्यातला सॉस पाहिजे त्यापेक्षा पातळ दिसला पाहिजे. पळीच्या पाठीवर पातळ थर राहावा, बोट फिरवले तर रेघ उमटावी, आणि तरीही पळीतून धार सलग पडावी, इतका. भट्टीत तो घट्ट होतो.

चीजबाबत गैरसमजांची रांगच आहे. ‘प्रोसेस्ड चीज म्हणजे खोटे चीज’ असे म्हणतात, पण ते चेडरसारखे खरे चीज वितळवून, त्यात सोडियम सायट्रेट किंवा फॉस्फेटसारखे क्षार मिसळून केलेले असते. या क्षारांमुळे स्निग्धांश फुटून वेगळा होत नाही आणि चीज गुळगुळीत वितळते; पण त्याला तार सुटत नाही. मोझरेलाचे उलटे. साकळलेल्या दुधाचा गोळा गरम पाण्यात ताणून ते बनवतात, त्यामुळे केसीन या प्रथिनाचे धागे एका दिशेने ओढले जातात आणि कॅल्शियम त्यांना धरून ठेवते. म्हणून प्रोसेस्ड चीज सॉसमध्ये आणि मोझरेला वर, ही विभागणी शहाणपणाची. सॉसमध्ये चीज गॅस बंद केल्यावर घालावे. उकळत्या सॉसमध्ये ते रवाळ होण्याची भीती असते.

पनीर किसून घातले तरी चालेल, असा सल्ला हमखास मिळतो. चालते, पण वितळत नाही. दूध चांगले तापवून लिंबाने किंवा व्हिनेगरने फाडले की आम्ल कॅल्शियम काढून घेते आणि निवळीतली प्रथिनेही गोळ्यात अडकतात. अशी जाळी तापली की सैल होण्याऐवजी आणखी आवळते. पनीर भाजीसारखे आत घालावे, वरच्या थरासाठी नाही. स्वस्त ‘पिझ्झा टॉपिंग’ घेताना घटकांची यादी वाचावी: पहिल्या काही नावांत वनस्पती तेल दिसले तर ते दुधाचे चीज नव्हे. शाकाहारी घरांत रेनेटची, म्हणजे दूध साकळवणाऱ्या विकराची, शंका असते, आणि ती निराधार नाही. इटलीतले अस्सल पार्मेझान वासराच्या रेनेटशिवाय होत नाही. पण पाकिटावर हिरवा ठिपका असलेल्या चीजमध्ये प्राण्यांचे रेनेट नसते.

जाता जाता: ओरेगॅनो म्हणजे ओवा नव्हे. दोन्ही वेगळ्या कुळांतल्या वनस्पती, फक्त थायमॉल आणि कार्वाक्रोल या सुगंधी द्रव्यांमुळे वास जवळचा. ओरेगॅनो नसेल तर चिमूटभर ओवा चालेल, चमचाभर नाही.

ओव्हन नाही म्हणून बेक्ड पास्ता होत नाही, ही समजूत अर्धी खरी आहे. आतले जवळजवळ सगळे आधीच शिजलेले असते, भट्टीचे काम फक्त पास्त्याची राहिलेली कसर भरणे, तापवणे आणि वरचा थर तांबूस करणे. ओव्हनमध्ये १८० ते २०० अंशांवर २० ते २५ मिनिटे पुरतात. जास्त ठेवल्याने चव वाढत नाही, सॉस आटतो. नुसत्या मायक्रोवेव्ह मोडवर रंग येत नाही, कन्व्हेक्शनवर येतो. जाड कढईत मिठाचा किंवा वाळूचा थर तापवून, त्यावर तिवई व भांडे ठेवून झाकले तर पास्ता छान गरम होतो, पण झाकणाखालची वाफ वरचा थर ओला ठेवते. पूर्वी झाकणावर निखारे ठेवत ते याचसाठी. गॅसवर तो उपाय नाही, म्हणून पावाचा चुरा तव्यावर लोण्यात आधीच लालसर परतून घ्यावा आणि वाढण्याआधी वर भुरभुरावा. प्रेशर कुकर यासाठी पाण्याशिवाय तापवू नये.

उरलेला पास्ता टिकाऊ असतो कारण तो भाजलेला आहे, ही शेवटची आणि धोक्याची समजूत. स्टार्च, दूध आणि ओलावा तिन्ही असल्याने तो भातासारखाच लवकर बिघडतो. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात. सर्वसाधारण नियम दोन तासांत फ्रिजमध्ये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. मे महिन्यात आदिलाबादचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा रात्री नऊला वाढलेला पास्ता दहाच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. मोठे भांडे तसेच न ठेवता उथळ डब्यांत पसरून ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी चमचाभर दूध शिंपडून वाफ येईपर्यंत तापवावे.