तिघांचे एक नाव

मुंबईत माहीमच्या चर्चवरून बस पुढे सरकते तेव्हा खिडकीजवळच्या एखाद्या प्रवाशाचा उजवा हात सहज वर जातो. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. वसईच्या वाडीतले एखादे कुटुंब जेवायला बसण्यापूर्वी हेच करते आणि गोव्यातला फुटबॉलपटू मैदानात उतरतानाही हेच करतो. ही खूण करताना जे शब्द मनात म्हटले जातात, त्यांचा अर्थ इतकाच : पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने.

'नावाने', 'नावांनी' नव्हे. उल्लेख तिघांचा, पण नाव एकवचनी. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी बाप्तिस्म्याची आज्ञा येते, तिथल्या मूळ ग्रीक वाक्यातही 'नाव' हा शब्द एकवचनीच आहे. ख्रिस्ती धर्मातला सर्वांत अवघड सिद्धान्त या एका प्रत्ययात सामावला आहे. मराठी ख्रिस्ती लोक त्याला 'त्रैक्य' म्हणतात. त्रि आणि ऐक्य. तीन आणि एक हे दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले आहेत, पण पुसले गेलेले नाहीत.

शेजारीपाजारी मात्र प्रश्न विचारतातच. देव तीन की एक? एकच असेल तर पुत्र कोणाचा आणि पिता कोण? प्रश्न खोडसाळ नाही. ख्रिस्ती विचारवंतांनी तो स्वतःलाच विचारला आणि त्यावर पिढ्यान् पिढ्या वाद घातला.

हा पेच निर्माण का झाला, ते आधी समजून घ्यायला हवे. येशूचे पहिले शिष्य यहुदी होते. परमेश्वर एकच आहे, ही घोषणा त्यांच्या रोजच्या प्रार्थनेत होती आणि त्या श्रद्धेपायी त्यांच्या पूर्वजांनी प्राणही दिले होते. अशी माणसे येशूला 'प्रभू' म्हणून हाक मारू लागली, त्याच्या नावाने प्रार्थना करू लागली. येशू स्वतः मात्र देवाला 'अब्बा', म्हणजे 'बाबा' म्हणत असे. त्याच्यानंतर आपल्यात वावरणारा आत्मा हाही देवच, असा त्यांचा अनुभव होता. एक देव ही श्रद्धा सोडायची नव्हती आणि हा अनुभवही नाकारायचा नव्हता. सिद्धान्त नंतर आला. आधी उपासना होती.

सोपी उत्तरे आणि त्यांतली गोम

सोपी उत्तरे लगेच सुचली. सॅबेलियस नावाच्या शिक्षकाच्या मताचा मथितार्थ असा, की देव एकच, तो कधी पिता म्हणून, कधी पुत्र म्हणून, तर कधी आत्मा म्हणून प्रकट होतो. एकाच नटाने तीन सोंगे घ्यावीत तसे. आजही पाणी, बर्फ आणि वाफ हा दाखला हौसेने दिला जातो. एकच गृहस्थ कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा, कुणाचा बाप असतो, असेही सांगितले जाते. दाखले मनात ठसतात, पण त्यांत सॅबेलियसचीच चूक आहे. येशू गेथशेमाने बागेत रात्री पित्याची प्रार्थना करतो, तेव्हा तो स्वतःशीच बोलत होता, असे मग मानावे लागेल. सोंगे एकमेकांवर प्रेम करत नाहीत.

आपल्याला त्रिमूर्ती आठवते. घारापुरीच्या लेण्यातल्या भव्य त्रिमुखी शिल्पाला आपण सवयीने त्रिमूर्ती म्हणतो. अभ्यासक मात्र त्यात सदाशिवाची रूपे पाहतात. ब्रह्मा, विष्णू, महेश यांच्याकडे उत्पत्ती, स्थिती आणि लय अशी कामे वाटून दिली आहेत, ही आपली सर्वसाधारण समजूत. त्रैक्यात अशी वाटणी नाही. विश्वाची निर्मिती असो वा माणसाचे तारण, प्रत्येक कार्य तिघांचे मिळून आहे. भेद आहे तो नात्याचा : पिता जन्म देणारा, पुत्र अनादिकाळापासून त्याच्यापासून जन्मलेला आणि आत्मा त्याच्यापासून निघणारा. यातले कोणी आधी नाही, कोणी नंतर नाही.

अलेक्झांड्रियातला वाद

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात चौथ्या शतकाच्या आरंभी एरियस नावाचा धर्मगुरू होता. त्याचे म्हणणे तर्काला धरून होते. पिता आणि पुत्र असतील तर पिता आधी असलाच पाहिजे. म्हणजे पुत्र नव्हता असाही एक क्षण होता. तेव्हा पुत्र ही देवाची सर्वश्रेष्ठ निर्मिती, पण निर्मितीच. एरियसने आपली मते गाण्यांत गुंफली. खलाशी, वाटसरू आणि दळण दळणाऱ्या लोकांसाठी त्याने गाणी रचल्याचे जुना इतिहासकार सांगतो. आपल्याकडे जात्यावरून अभंग-ओव्या घरोघर गेल्या, तसेच काहीसे हे घडले.

वाद चिघळला तेव्हा रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने इ. स. ३२५ मध्ये निकिया येथे बिशपांची परिषद बोलावली. निकिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले इझनिक. परंपरा बिशपांची संख्या ३१८ सांगते. त्यांतल्या काहींच्या अंगावर काही वर्षांपूर्वीच्या छळाच्या खुणा होत्या. परिषदेने एक ग्रीक शब्द निवडला : होमोऊसियोस, म्हणजे 'एकाच तत्त्वाचा'. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. पुढे काहींनी तडजोड म्हणून 'होमोइऊसियोस', म्हणजे 'सारख्या तत्त्वाचा' हा शब्द सुचवला. फरक एका अक्षराचा, तोही ग्रीक लिपीतल्या सर्वांत लहान अक्षराचा. एका अक्षरासाठी साम्राज्य भांडले, म्हणून पुढच्या काळात थट्टाही झाली.

थट्टा करण्यापूर्वी त्या अक्षराच्या आड काय होते, ते पाहावे. एखाद्या घरावर दुःखाचा डोंगर कोसळला असता वाड्याच्या धन्याने चौकशीला माणूस पाठवणे वेगळे आणि धन्याने स्वतः येऊन ओसरीवर बसणे वेगळे. पाठवलेला माणूस कितीही भला असो, तो धनी नव्हे. क्रुसावर ज्याने यातना भोगल्या, तो देवाचा उत्तम प्रतिनिधी होता की स्वतः देव होता? 'सारखा' म्हटले की माणूस आला. 'एक' म्हटले की धनी आला. निकियाच्या लोकांना या फरकासाठी भांडावेसे वाटले, यात नवल नाही.

परिषदेने वाद मिटला नाही. सम्राटांची मर्जी फिरली की मतेही फिरत. निकियाचा पक्ष लावून धरणारा अलेक्झांड्रियाचा बिशप अथानेशियस याला ५ वेळा हद्दपार व्हावे लागले. बिशपपदाच्या ४५ वर्षांतली सुमारे १७ वर्षे त्याने परागंदा अवस्थेत काढली. अखेर कॅपाडोशिया प्रांतातल्या तिघांनी विचाराची घडी बसवली : बेसिल, त्याचा भाऊ निस्साचा ग्रेगरी आणि मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी. तत्त्व एक, व्यक्ती तीन, अशी ती मांडणी. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने पवित्र आत्म्याविषयीचा भाग विस्तारला. त्या दिवसांत शहरात भाकरीचा भाव विचारला तरी दुकानदार पिता मोठा की पुत्र यावर बोलू लागे, अशी तक्रार निस्साच्या ग्रेगरीने लिहून ठेवली आहे.

'व्यक्ती' या शब्दाने मात्र आपली थोडी दिशाभूल होते. आज व्यक्ती म्हणजे आधारकार्डावरचा स्वतंत्र माणूस. तसे तीन असतील तर देव तीनच होतील. पण आपला शब्द मुळात 'व्यक्त होणे' याच्याशी जोडलेला आहे. त्रैक्यातली व्यक्ती अलग राहून पूर्ण होत नाही. पुत्राशिवाय पिता हा शब्दच निरर्थक आहे.

भारतीय भाषेचा शोध

हा विचार भारतीय शब्दांत सांगण्याचा प्रयत्न जुना आहे. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीछंदात रचलेले 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले. आपल्या पुराणांसारखाच त्याचा आरंभ नमनाने होतो. एकोणिसाव्या शतकात बंगालमध्ये केशवचंद्र सेन यांनी आणि नंतर ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी सच्चिदानंद या वेदान्ती संकल्पनेतून त्रैक्याकडे पाहिले : सत् म्हणजे पिता, चित् म्हणजे पुत्र, आनंद म्हणजे आत्मा. काहींना ही जोडणी पटली. सत्-चित्-आनंद यांत परस्परांवरचे प्रेम कुठे आहे, असा प्रश्न काहींनी विचारला.

यहुदी आणि मुस्लिम पंडितांचा आक्षेप त्याहून मुळाशी जाणारा आहे. देवाच्या एकत्वाला यामुळे तडा जातो, असे ते आजही मानतात. ख्रिस्ती जगातही एकमत नव्हते. आत्मा फक्त पित्यापासून निघतो की पुत्रापासूनही, हे १०५४ मध्ये पूर्व आणि पश्चिमेतल्या फुटीचे एक कारण ठरले.

तरीही हा सिद्धान्त टिकला, कारण त्याने एका साध्या प्रश्नाला उत्तर दिले. योहानाच्या पत्रात देव म्हणजे प्रीतीच असे सांगितले आहे. मग जग नव्हते तेव्हा देवाने प्रीती कोणावर केली? तो एकटा असेल तर प्रेम करायला त्याला जगाची गरज लागली असती. त्रैक्य सांगते, की प्रेम देवात अनादिकाळापासून आहेच. जग त्या भरलेपणातून आले, एकटेपणातून नव्हे. बाराव्या शतकात पॅरिसच्या सेंट व्हिक्टर मठातल्या रिचर्डने यापुढचे पाऊल टाकले. दोघांचे प्रेम एकमेकांतच गुंतून बंदिस्त होऊ शकते. ते पूर्ण होते ते दोघे मिळून तिसऱ्यावर प्रेम करतात तेव्हा. घरात बाळ आल्यावर ज्यांचे डोळे एकाच वेळी पाळण्याकडे वळले आहेत, त्या आईबापांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

२०२५ मध्ये निकियाच्या परिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली. त्या वर्षी नोव्हेंबरात पोप लिओ चौदावे आणि कॉन्स्टँटिनोपलचे कुलगुरू बार्थोलोम्यू यांनी इझनिकच्या सरोवराकाठी, एका प्राचीन चर्चच्या अवशेषांजवळ एकत्र प्रार्थना केली. दोघांच्या परंपरा हजार वर्षे दुरावलेल्या आहेत आणि आत्म्याविषयीच्या त्या शब्दावरचा मतभेद अजून मिटलेला नाही. पण ज्या देवाची घडणच नात्याची आहे असे दोघे मानतात, त्याच्यापुढे वेगवेगळे उभे राहणे किती विसंगत, हे दोघांना ठाऊक होते. त्रैक्याचा हिशेब पाटीवर कधी सुटला नाही. वेगळेपण न पुसता एक होता येते का, एवढाच तो प्रश्न आहे. आणि तो प्रत्येक घरापुढे, प्रत्येक गावापुढे रोज येतो.