ज्ञानेश्वरीतील ओंकारविचार : नाद, रूप आणि हाक

प्रस्तावना

भारतीय तत्त्वचिंतनात ओंकारास 'प्रणव' ही संज्ञा आहे. मंत्राच्या आरंभी येणारे हे अक्षर सर्वपरिचित असले, तरी त्याचा विचार बहुधा उच्चारापाशीच थांबतो. वसई तालुक्यातील निर्मळ येथे शंकराचार्यांची समाधी म्हणून ओळखले जाणारे मंदिर आहे. तेथील कार्तिकी यात्रेत भाविक ज्या अद्वैत परंपरेपुढे नतमस्तक होतात, त्या परंपरेने ओंकाराचे अत्यंत सूक्ष्म विवेचन केले आहे. हे चिंतन मराठीत येताना ज्ञानेश्वरांनी त्यास कोणते नवे परिमाण दिले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उपनिषदांतील प्रणव

अवघ्या १२ मंत्रांचे मांडूक्योपनिषद पूर्णतः ओंकारास वाहिलेले आहे. अकार म्हणजे जागृती, उकार म्हणजे स्वप्न, मकार म्हणजे सुषुप्ती, असा संबंध त्यात जोडला आहे. यापलीकडील चौथी अवस्था, तुरीय, हिला मात्रा नाही. अकाराने मुख उघडते, उकाराने ओठ गोलाकार होतात, मकाराने ते मिटतात आणि त्यानंतर उरते ती निःशब्दता. म्हणजेच ओंकाराचे पर्यवसान मौनात होते. शंकराचार्यांचे परमगुरू गौडपाद यांच्या कारिका याच उपनिषदावर आधारलेल्या आहेत. पतंजलीनेही योगसूत्रांच्या समाधिपादात प्रणवाच्या जपासोबत त्याच्या अर्थाचे चिंतन आवश्यक मानले आहे.

ज्ञानेश्वरीतील ओंकार

परंपरेनुसार शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीचा आरंभच ओंकारवंदनाने होतो. तेथे ओंकार हा गणेश आहे. अकार हे त्याचे चरण, उकार हे उदर, तर मकार हे मस्तक होय. उपनिषदात ज्या मात्रा चेतनेच्या अवस्था होत्या, त्या येथे डोळ्यांसमोर उभे राहणारे रूप धारण करतात. अमूर्त तत्त्व सामान्य श्रोत्याच्या कवेत येते.

सतराव्या अध्यायात 'ॐ तत् सत्' या निर्देशाचे विवरण करताना ज्ञानेश्वर घरगुती दृष्टान्त देतात. जन्मास आलेल्या बालकास स्वतःचे नाव नसते; परंतु ठेवलेल्या नावाने हाक मारली असता ते ओ देते. त्याचप्रमाणे ब्रह्म मूलतः अनाम आहे. संसारतापाने शिणलेल्या जीवांनी हाक मारावी आणि त्याने ओ द्यावी, यासाठी हा नामसंकेत आहे. येथे ओंकार केवळ ध्यानाचे आलंबन न राहता जीव आणि ब्रह्म यांच्यातील संवाद ठरतो. प्रस्तुत लेखिकेच्या मते ज्ञानेश्वरांच्या ओंकारविचाराचे मर्म याच दृष्टान्तात आहे.

अधिकाराचा प्रश्न

परंतु ही हाक मारण्याचा अधिकार कोणाचा? वैदिक प्रणवाच्या उच्चारापासून स्त्रिया व शूद्र यांना परंपरेने दूर ठेवले होते. संन्याशाची मुले म्हणून स्वतः ज्ञानेश्वरादी भावंडांनाही मौंजीबंधन नाकारले गेल्याचे परंपरा सांगते. या पार्श्वभूमीवर अठराव्या अध्यायातील त्यांचे प्रतिपादन लक्षणीय आहे. वेद संपन्न असला तरी कृपण आहे, कारण तो तीन वर्णांच्याच कानी लागला; हे उणेपण दूर करण्यासाठीच तो गीतारूपाने प्रकट झाला, असे ते म्हणतात. वेदप्रामाण्य न सोडता वेदाच्या मर्यादेवर ठेवलेले हे बोट आहे. ती गीता मराठीत सांगताना पहिलाच उद्गार ओंकाराचा असावा, हा केवळ मंगलाचरणाचा संकेत मानता येत नाही.

समारोप

उपनिषदांनी ओंकाराचा प्रवास नादाकडून मौनाकडे दाखविला. ज्ञानेश्वरांनी त्यास रूप दिले आणि लोकभाषेत हाक मारण्याजोगे केले. आज ओंकाराचा उल्लेख बहुधा आरोग्यसाधना म्हणून होतो. ते उपयुक्त असेलही. तथापि अर्थचिंतनाविना केलेला उच्चार हा केवळ श्वासाचा व्यायाम ठरतो. वर्गात ज्ञानेश्वरी शिकविताना आपण पहिली ओवी मंगलाचरण म्हणून त्वरेने ओलांडतो. तेथे क्षणभर थांबून, ही हाक कोणाकोणाला नाकारली गेली होती, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवला, तर ओंकाराचा आध्यात्मिक अर्थ त्याच्या सामाजिक अर्थासह उलगडू शकेल.