ओळी एकाच्या, नाव दुसऱ्याचे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर मुंबई राज्यात गेली; वैनगंगेकाठचा बालाघाट जिल्हा मात्र मध्य प्रदेशातच राहिला. तेथे मराठीत लिहिणाऱ्याला तेव्हापासून संपादक आणि प्रकाशक सीमेपलीकडे शोधावे लागले. समाजमाध्यमांनी ही सीमा पुसली. बालाघाटात लिहिलेली कविता आज क्षणार्धात गोंदियाला, नागपूरला, किंबहुना लंडनलाही पोहोचते.

कविता पोहोचते, कवी पोहोचतोच असे नाही. व्हॉट्सॲपवर मजकूर पुढे धाडताना कोणी खालचे नाव गाळतो, पुढचा कोणी तेथे आपल्या आवडीचे नाव घालतो, आणि ते बहुधा पु. ल. देशपांडे, व. पु. काळे किंवा कुसुमाग्रज यांचे असते. कुसुमाग्रज १९९९ साली निवर्तले, पु. ल. २००० साली, व्हॉट्सॲप निघाले २००९ साली. तरीही त्यांचे ‘नवे’ लेखन अद्याप येतच आहे! यात थोरांचा गौरव कसला? न लिहिलेल्या ओळींचे ओझे त्यांच्या माथी, आणि ज्याने लिहिल्या तो निनावी.

१९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या ५७ व्या कलमान्वये, हक्क विकून टाकल्यावरही कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा अधिकार लेखकापाशीच राहतो. परंतु दावा लावावा कोणावर? मजकूर शेकडो हातांतून गेलेला असतो, आणि बहुतेकांनी तो प्रेमानेच पुढे धाडलेला असतो. पूर्वी लेखकाजवळ निदान हस्तलिखिताची प्रत आणि संपादकाचे पत्र असे. आता कविता आधी एखाद्या छापील अंकात द्यावी, मग माध्यमावर. म्हणजे तारखेचा पुरावा तरी हाती उरतो.