बुलेट किक घेत नाही? आधी करंट कुठे अडला ते पाहा

पावसाळा सरला की आमच्या जुन्या नाशकात एक प्रसंग हमखास घडतो. बोळाच्या तोंडाशी वालिद साहेबांची जुनी बुलेट, भोवती सारे घर आणि किक मारून घामाघूम झालेला मुलगा. अर्ध्या तासात निकाल लागतो: बॅटरी गेली. नवी बॅटरी येते, तरी इंजिन गप्पच. मग कॉईल बदलली जाते. शेवटी कोणीतरी म्हणतो, भंगारात देऊन टाका.

वडिलांनी ज्या गाडीवर आयुष्य काढले ती अशी भंगारात जाऊ नये, असे आम्हांला मनापासून वाटते. त्यातही गाडी बहुधा किरकोळ कारणासाठी अडलेली असते. खिशात हात घालण्याआधी करंटची वाट एकदा तपासून पाहावी.

ही वाट फार लांब नाही. 1955 पासून मद्रासला बनू लागलेली ही गाडी मूळची इंग्रजी बनावटीची. जुन्या मॉडेलांत करंट बॅटरीतून निघतो आणि अँपिअर मीटर, चावीचा स्विच, कॉईल असे करत प्लॅटिनम पॉइंटपर्यंत पोहोचतो. पॉइंट मिटलेले असताना कॉईल भरते. ते उघडले की त्याच क्षणी प्लगला ठिणगी मिळते.

हेडलाइटच्या वर बसवलेला अँपिअर मीटर हाच घरचा हकीम समजा. दिवे बंद ठेवून चावी लावा आणि किक हाताने सावकाश दाबा. काटा उणे बाजूला जाऊन पुन्हा मध्यावर येत असेल तर बॅटरी आणि स्विच बहुधा ठीक आहेत. दोष पुढे कंडेन्सर, प्लगची वायर किंवा प्लग यांत शोधा. काटा हललाच नाही तर करंट वाटेतच तुटला आहे किंवा पॉइंटवर मळ बसला आहे. काटा उणे बाजूलाच अडकून राहिला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कुठेतरी वायर बॉडीला टेकली आहे. मात्र मीटरच बंद असेल तर ही परीक्षा चालणार नाही. अशा वेळी छोट्या बल्बला दोन वायरी जोडून करंट कुठपर्यंत येतो ते पाहावे.

चार महिने ओलीत उभ्या राहिलेल्या गाडीत आमचा पहिला संशय पॉइंटवरच असतो. इंजिनाच्या उजव्या बाजूचे झाकण काढा. बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा, मग पेट्रोलात भिजवलेल्या कोऱ्या पुठ्ठ्याने पुसून घ्या. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फटीत 0.35 ते 0.40 मिलिमीटरचे फिलर गेज बसले पाहिजे. पॉइंट निळसर जळलेले असतील आणि ठिणगी मरतुकडी असेल तर कंडेन्सर बदला. ही वस्तू स्वस्त आहे, पण ओळखली जाते सगळ्यात शेवटी.

यानंतर अर्थिंगकडे वळा. बॅटरीची वायर चासीला जिथे बोल्टने कसली आहे, तिथला गंज आणि रंग खरवडा. जुन्या 6 व्होल्टच्या गाडीत हे जास्त महत्त्वाचे, कारण गंजलेल्या जोडात अर्धा व्होल्ट गेला तरी 12 व्होल्टच्या गाडीच्या दुप्पट हिस्सा गेला. बॅटरी बदलायचीच असेल तर चासीला अधिक टोक जोडले आहे की उणे, हे आधी पाहून ठेवा. उलटी जोडणी केल्यास रेक्टिफायर जळू शकतो.

प्लग काढून ठिणगी पाहताना तो सिलिंडर हेडला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून दूर धरा. आतून पेट्रोलची वाफ येते. मुलांना बाजूला उभे करा, जवळ विडी-सिगारेट नको.

आता किक. ठिणगी असूनही पुष्कळ जण इथे हरतात, कारण पायात जोर असला की झाले असे त्यांना वाटते. किक दाबत जा. जिथे ती घट्ट लागेल तिथे थांबा. डिकॉम्प्रेशनचा लिव्हर दाबून तिला किंचित पुढे सरकवा, लिव्हर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग अंगाचा भार टाकून एक पूर्ण किक मारा. सडपातळ माणसालाही हे जमते आणि उलट्या किकेने नडगी फुटत नाही.

तेवढ्यातही चालू झाली नाही आणि जेवायला जायचे असेल, तर चावी काढून जा. पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबले असेल तर करंट वाहत राहतो, कॉईल तापते आणि जेवण होईपर्यंत बॅटरी खरोखरच बसते.