'जेवायलाय' : चूक की नियम?

जालन्याच्या मस्तगड भागात मुलाला विचारावे, ''दादा काय करतोय?'' उत्तर येते, ''जेवायलाय.'' पुण्याहून नवे आलेले गुरुजी पुढच्या शब्दाची वाट पाहतात : जेवायला गेलाय, की बसलाय? वाक्य मात्र संपलेले असते. दादा जेवत आहे.

प्रमाण मराठीतील 'जेवायला' हेतू दाखवते आणि कर्त्यानुसार बदलत नाही. मराठवाड्यात मात्र आपण 'तो जेवायलाय, ती जेवायलीय, मी जेवायलोय' असे ऐकतो. लिंग-पुरुषानुसार रूप बदलते, म्हणजे ते क्रियापदच! विदर्भातला 'जेवून राहिला'सुद्धा जेवतच असतो; पुणेकराला मात्र तो जेवून मुक्कामाला राहिल्यासारखा वाटतो.

वहीत अशा वाक्यावर लाल फुली मारली, की मूल वर्गात बोलेनासे होते. त्यापेक्षा दोन्ही रूपे फळ्यावर शेजारी लिहावीत आणि नियम मुलांनाच शोधू द्यावा, असे आम्ही सुचवतो.