स्ट्रॉबेरीची डबी घरी आली, आता इसराफ नको

डिसेंबर लागला की बाजारात, हातगाड्यांवर आणि एसटी स्टँडच्या बाहेर लाल डब्या दिसू लागतात, आणि मार्चअखेरपर्यंत दिसत राहतात. आपल्याकडं येणारी बहुतेक स्ट्रॉबेरी सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वर, पाचगणी, भिलार या डोंगराळ पट्ट्यातली असते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

रमजान दरवर्षी १०-११ दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२६ मधला रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातला, २०२७ मधला त्याच्याही आधीचा. म्हणजे पुढची काही वर्षं रोजे स्ट्रॉबेरीच्या हंगामातच येणार आहेत. इफ्तारच्या दस्तरखानावर खजूर, केळी, पपई यांच्या शेजारी ही लाल फळं आता अनेक घरांत दिसतात.

पण होतं काय? हौसेनं दोन डब्या आणल्या जातात. एक त्याच दिवशी संपते. दुसरी फ्रिजमध्ये जाते आणि तिसऱ्या दिवशी तिच्यावर पांढरी बुरशी दिसते. कुणी मिल्कशेक करायला जातं तर दूध फाटतं, कुणी जाम करतं तर तो पातळच राहतो. मग 'हे आपल्या घरात जमत नाही' म्हणून पुन्हा बाटलीतलं रंगीत शरबत आणलं जातं. पैसे गेले आणि अल्लाहची नेमत कचऱ्यात गेली. इसराफपासून दूर राहायला आपण मुलांना शिकवतो, तर स्वयंपाकघरातही ते दिसायला हवं. त्यासाठी या फळाचा स्वभाव समजून घेतला की बरंच काम सोपं होतं.

फळाचा स्वभाव

पहिली गोष्ट, स्ट्रॉबेरी तोडल्यानंतर पिकत नाही. आंबा, केळी, चिकू घरात ठेवून पिकतात, ही नाही. देठाजवळ पांढरी असलेली स्ट्रॉबेरी चार दिवस ठेवली तर गोड होणार नाही, फक्त मऊ पडेल. म्हणून घेतानाच देठापर्यंत लाल, देठाची पानं हिरवी आणि वास येणारी फळं घ्यावीत. डबी उलटी करून खाली बघावं. तळाला रस सुटलेला असेल तर ती डबी घेऊ नये.

दुसरी गोष्ट, हिच्यात साधारण ९० टक्के पाणी असतं आणि वरची साल अगदी पातळ असते. म्हणून ती लवकर चेपते आणि लवकर बुरशी धरते.

तिसरी गोष्ट, ती गोड लागली तरी आम्लधर्मी आहे. तिचा सामू साधारण ३ ते ४ च्या मध्ये असतो. दूध का फाटतं, रंग कसा टिकतो, या प्रश्नांची उत्तरं इथंच आहेत.

घरी आणल्यावर पहिलं काम

डबी तशीच फ्रिजमध्ये ढकलू नका. आधी सगळी फळं ताटात काढून निवडून घ्या. हे काम मुलांना द्या, ती आवडीनं करतात. तीन वाटे करायचे:

- घट्ट, सुंदर फळं कच्ची खायला आणि फ्रूट चाटसाठी.
- मऊ पडलेली, थोडी चेपलेली फळं शरबत आणि जामसाठी. ही त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वापरायची.
- आंबट, देठाशी पांढरी राहिलेली फळं चटणीसाठी.

बुरशी लागलेलं फळ मात्र पूर्ण फेकायचं. 'तेवढा भाग कापून टाकू' असं करायचं नाही. फळ मऊ असल्यानं बुरशीचे धागे आतपर्यंत गेलेले असू शकतात. तिला चिकटलेली शेजारची फळंही नीट तपासा.

ठेवायची फळं धुवायची नाहीत. डब्यात कागद किंवा कोरडं सुती कापड पसरून एका थरात ठेवा. अशी दोन-तीन दिवस चांगली राहतात. खायच्या आधी देठासकट वाहत्या पाण्याखाली धुवा आणि देठ नंतर काढा. आधी देठ काढलं तर तिथून पाणी आत शिरतं आणि फळ बेचव लागतं.

इफ्तारचं शरबत

साहित्य: अर्धा किलो मऊ स्ट्रॉबेरी, २५० ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस.

धुतलेली फळं चिरून स्टीलच्या पातेल्यात घ्या, वर साखर घाला आणि तासभर झाकून ठेवा. पाण्याचा थेंबही न घालता पातेल्यात रस जमा होईल. हायस्कूलच्या विज्ञानात मुलं परासरण शिकतात, ते हेच. बाहेर साखर जास्त झाली की फळातलं पाणी तिच्याकडं ओढलं जातं.

आता मंद आचेवर ७-८ मिनिटं शिजवा आणि लिंबू पिळून गॅस बंद करा. जास्त उकळलं तर रंग तपकिरी होतो आणि वास उडतो. लिंबाच्या आंबटपणानं लाल रंग खुलतो. गाळणीतून गाळून, थंड करून काचेच्या बाटलीत भरा. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. ग्लासात दोन-तीन चमचे, थंड पाणी आणि भिजवलेला सब्जा घातला की झालं. ॲल्युमिनियमचं भांडं मात्र वापरू नका, आंबट पदार्थाची त्याच्यावर क्रिया होते.

गाळणीत उरलेला गर फेकायचा नाही. सहेरीला दह्यात मिसळून घ्या. दही आधीच विरजलेलं असल्यानं इथं फाटण्याचा प्रश्न येत नाही.

दूध का फाटतं?

दुधाचा सामू ४.६ च्या आसपास उतरला की त्यातलं केसीन हे प्रथिन गोळा होतं. गरम दुधात हे फार लवकर होतं. स्ट्रॉबेरी तर त्याहून आंबट. म्हणून गरम किंवा कोमट दुधात ताजी स्ट्रॉबेरी कधीच घालायची नाही. दूध उकळून, फ्रिजमध्ये अगदी गार करून घ्या. स्ट्रॉबेरी साखरेबरोबर शिजवून तीही गार करा. दोन्ही शेवटी एकत्र करा आणि लगेच प्या, सकाळी करून संध्याकाळसाठी ठेवू नका. फिरनीचंही तसंच. ती पूर्ण निवल्यावर शिजवलेल्या स्ट्रॉबेरीचा थर वरून द्यायचा, चुलीवर असताना नाही.

घरच्या स्ट्रॉबेरी दुधाचा रंग फिका गुलाबी असतो. दुकानातल्यासारखा भडक झाला नाही म्हणून मुलं नाराज झाली तर त्यांना सांगा, भडक रंग बहुतेक वेळा बाहेरून घातलेला असतो.

चायना ग्रास, स्ट्रॉबेरीच्या थरासह

जेलीच्या पाकिटावर साहित्याची यादी वाचायची सवय आपण लावून घ्यायला हवी. त्यात जिलेटिन लिहिलं असेल तर ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतं, आणि कोणत्या जनावराच्या, हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून बनतं, त्यामुळं ही शंकाच उरत नाही. आपल्या आई-आजींना ते ठाऊकच आहे, रमजानमध्ये आपल्या कित्येक घरांत ते होतं.

१० ग्रॅम चायना ग्रास कपभर पाण्यात २० मिनिटं भिजवा आणि मंद आचेवर पूर्ण विरघळवा. एक लिटर दुधात १२० ग्रॅम साखर घालून उकळा, त्यात हे गरम पाणी गाळून घाला, ताटात ओता. फ्रिजबाहेरही ते घट्ट होतं.

वरच्या थरासाठी २५० ग्रॅम स्ट्रॉबेरी मिक्सरमधून काढा आणि चवीपुरती साखर घालून किंचित कोमट करा. ३ ग्रॅम चायना ग्रास वेगळ्या अर्ध्या कप साध्या पाण्यात विरघळवा, गॅस बंद करा आणि मग त्यात स्ट्रॉबेरी मिसळा. आंबट रसाबरोबर चायना ग्रास उकळलं तर त्याची पकड कमी होते आणि थर ढिला राहतो. खालचा थर घट्ट झाला की हा वर ओता.

जाम घट्ट का होत नाही?

जाम घट्ट होतो तो फळातल्या पेक्टिनमुळं. स्ट्रॉबेरीत ते कमी असतं, पेरूत भरपूर. आणि पेरूही याच दिवसांत मिळतो. एक किलो स्ट्रॉबेरीला ७५० ग्रॅम साखर, दोन लिंबांचा रस आणि एक अर्धकच्चा पेरू घ्या. पेरू थोड्या पाण्यात मऊ शिजवून, गाळून त्याचा गर घाला. पसरट पातेल्यात सतत ढवळत शिजवा. फ्रिजमध्ये ठेवलेल्या गार बशीवर थेंब टाकून मिनिटभरानं बोटानं रेघ ओढा. रेघ तशीच राहिली, दोन्ही बाजू परत मिळाल्या नाहीत, की जाम झाला. उकळलेल्या, पूर्ण कोरड्या बाटलीत भरा आणि फ्रिजमध्ये ठेवा. जामसाठी महागडी मोठी फळं घ्यायची गरज नाही, लहान आकाराची स्वस्त पडतात आणि चवीला कमी नसतात.

आंबट फळांची चटणी

२५० ग्रॅम आंबट स्ट्रॉबेरी, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर पुदिना, भाजलेलं जिरं, काळं मीठ आणि लहानसा गुळाचा खडा. सगळं एकत्र वाटून घ्या. भजी, समोसे, कबाब यांच्याबरोबर चिंचेच्या चटणीच्या जागी चालते. त्याच दिवशी संपवा.

फ्रूट चाट आणि फ्रीझर

चाटमध्ये मीठ-साखर असते, आणि स्ट्रॉबेरी लगेच पाणी सोडते. म्हणून बाकी फळं असरनंतर चिरून ठेवली तरी स्ट्रॉबेरी अजानच्या पाच-दहा मिनिटं आधीच घालायची.

फळं जास्त झाली तर धुऊन, अगदी कोरडी करून, देठ काढून ताटात सुटी सुटी पसरा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. कडक झाली की पिशवीत भरा. बर्फामुळं आतल्या पेशी फुटतात, त्यामुळं बाहेर काढल्यावर ही फळं मऊ पडतात. चाटला चालणार नाहीत, पण ईदच्या शरबताला आणि फिरनीला उत्तम.

तब्येतीचं

१०० ग्रॅम ताज्या स्ट्रॉबेरीत साधारण ३२ कॅलरी आणि ५८-५९ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या तोडीचं. शिजवल्यावर ते कमी होतं. म्हणून चांगली फळं कच्चीच खावीत आणि मऊ पडलेलीच शिजवावीत. घरात कुणाला शुगर असेल तर शरबत आणि जाम त्यांच्यासाठी नाही, ताज्या फळांबद्दल डॉक्टरांना विचारावं. काही मुलांना स्ट्रॉबेरीनं अंगावर पुरळ येतं किंवा ओठ सुजतात. लहान मुलाला पहिल्यांदा देताना थोडीच द्या आणि लक्ष ठेवा.

पुढच्या वेळी डबी घेताना आधी ठरवा की तिचं काय करायचं आहे. पाच जणांच्या चाटला एक लहान डबी पुरते. जास्त घेतली असेल तर त्याच संध्याकाळी शरबत करून ठेवा, आणि एक बाटली शेजारी पाठवा.