रुग्णालयाच्या बागेंतील शिळा

घरांतील माणूस गेल्यावर दहा-बारा दिवस जे विधि चालतात, ते गेलेल्याच्या सद्गतीकरितां, अशी आपली श्रद्धा आहे. परंतु मागें राहिलेल्यांसही त्यांचा केवढा आधार असतो, हें ज्यांनीं असे दिवस काढले आहेत त्यांस सांगावयास नको. आपल्या धर्मशास्त्रकारांनीं ही गरज फार पूर्वीं ओळखली होती. परदेशीं मृत्यु आला व देह हातीं लागला नाहीं, तर पळसाच्या ३६० पानांचा पुतळा करून त्यास अग्नि द्यावा, असें त्यांनीं सांगून ठेविलें आहे. याज्ञिक मंडळी त्यास पालाशविधि म्हणतात. शोकास कांहीं तरी आकार लागतो. देह नसेल तर पानांचा कां होईना, पण आकार द्यावा, हें या विधीचें मर्म आहे.

सन २०२० च्या मार्चमध्यें महाराष्ट्रांत करोनाचे पहिले रुग्ण पुण्यास आढळले. पुढील तीन वर्षांत, सरकारी मोजणीप्रमाणें, आपल्या राज्यांतील सुमारें १ लाख ४८ हजार माणसें या रोगानें गेलीं. आमचें चुडावा हें गांव परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यांत, पूर्णा-नांदेड लोहमार्गावर आहे. त्या मार्चअखेर देशांतील प्रवासी गाड्या थांबल्या आणि हा मार्गही निःशब्द झाला. पुढें साथ खेडोपाडीं शिरली तेव्हां मोठ्या शहरांतील रुग्णालयांत नेलेला माणूस दारापाशीं जो दृष्टीआड झाला, तो कित्येक घरांतील आप्तांस पुन्हा दिसलाच नाहीं. देह होता, पण गुंडाळलेला. मुख पाहतां आलें नाहीं. अग्नि दिला तो बहुधा अपरिचित हातांनीं. ते हात कोणाचे, कोणत्या जातीचे, हें विचारण्याचें भान तेव्हां कोणास नव्हतें, आणि ज्यांनीं तें काम केलें त्यांचे उपकार आपल्यावर आहेत. पालाशविधीचा प्रसंग देह हरवल्यावर येतो. येथें देह असूनही दर्शन हरवलें.

हे निरोप जेथें अपुरे राहिले, त्या रुग्णालयांच्याच बागेंत एखादें स्मारकशिल्प असावें, असें आम्हांस वाटतें. यावर पहिला आक्षेप असा येईल, कीं तेवढ्या पैशांत चार खाटा अधिक होतील. हा आक्षेप हलका नाहीं. खाटा, औषधें व परिचारिका आधीं, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु विस्मरणाचीही किंमत मोजावी लागते. १९१८ सालीं मुंबई बंदरावाटे शिरलेल्या इन्फ्लुएंझानें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. १९२१ च्या खानेसुमारींत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वींपेक्षां घटलेली आढळली. घरोघरीं रडें झालें, पण त्या संहाराची सार्वजनिक खूण क्वचितच कोठें उभी राहिली. पुढील पिढ्यांस तो विषय केवळ पुस्तकांत उरला, आणि तोंड झांकावें, गर्दी टाळावी, हे साधे धडे शंभर वर्षांनीं पुन्हा पहिल्यापासून गिरवावे लागले.

साथीच्या स्मरणार्थ कांहीं उभारण्याची रीत मात्र नवी नव्हे. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्याच्या राजधानींतील १५९१ चा चारमिनार साथ हटल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ बांधला, असें एक परंपरा सांगते. हिजरी सनाच्या नव्या सहस्रकाशींही त्याचा संबंध जोडतात. व्हिएन्ना शहरांत १६७९ च्या प्लेगनंतर सम्राट लिओपोल्डच्या नवसाचा स्तंभ उभा राहिला. मुंबईस वांद्र्याच्या गल्ल्यांतून प्लेगच्या काळांतील क्रूस आजही दिसतात, व ज्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं १८९६ सालीं मांडवी भागांत प्लेग प्रथम ओळखला, त्यांचा पुतळा त्याच शहरांत धोबी तलावाजवळ आहे. आपल्या खेड्यांच्या वेशीबाहेरची मरीआई ही तर याच भयाची देवता. या सर्वांविषयीं आम्हांस आदर आहे. तथापि त्यांत कोठें देवाचे आभार आहेत, कोठें भय आहे, कोठें थोर पुरुषाचा गौरव आहे. साध्या माणसाच्या शोकास बसावयास जागा त्यांत थोडी.

त्या दृष्टीनें आपला वीरगळ अधिक जवळचा वाटतो. गुरें राखतांना किंवा गांवाचें रक्षण करतांना पडलेल्या साध्या माणसाकरितां गांवानें उभी केलेली ती शिळा. खालच्या चौकटींत त्याची झुंज, मधल्या चौकटींत त्यास घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटींत शिवलिंगाची पूजा करणारा तो, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. म्हणजे ते आहेत तोंवर ही आठवण राहील. रोग्यांची सेवा करतां करतां जे डॉक्टर, परिचारिका व सफाई-कामगार गेले, त्यांस हा मान कां मिळूं नये?

आतां शिल्पाचें रूप कसें असावें? येथें अमेरिकेंतील एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. तें साथीचें नसून युद्धाचें आहे. व्हिएतनामच्या युद्धांत पडलेल्या सैनिकांच्या स्मारकाकरितां १९८१ सालीं वॉशिंग्टन येथें स्पर्धा झाली. १,४२१ आराखडे आले. परीक्षकांसमोर ते नांवें झांकून, केवळ क्रमांक घालून ठेविले होते. निवड झाली ती माया लिन नांवाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीची. १९८२ मध्यें उभ्या राहिलेल्या या स्मारकांत पुतळा नव्हता. घोटीव काळ्या दगडाची एक लांब भिंत आणि तिजवर मृतांचीं नांवें, एवढेंच. आज तीं अठ्ठावन्न हजारांहून अधिक आहेत. दगड इतका झळाळता, कीं नांव वाचणाऱ्यास त्या नांवामागें स्वतःचें मुख दिसतें. हा दगड नेला होता तो आपल्याच देशांतून, बंगळूरजवळच्या खाणींतून.

मुखाचें प्रतिबिंब आपल्या आचारांसही परकें नाहीं. दुखण्यांतून उठावें म्हणून कांशाच्या पात्रांत तूप घालून त्यांत रोग्यानें आपलें मुख पाहावें व तें पात्र दान करावें, हें छायापात्रदान जुन्या घरांतून अद्याप ठाऊक आहे. मातीच्या मूर्तीस स्नान घालतां येत नाहीं, तेव्हां समोर आरसा धरून त्यांतील प्रतिबिंबास स्नान घालतात. जेथें प्रत्यक्षास हात लावतां येत नाहीं, तेथें प्रतिबिंबानें काम भागवावें, ही दृष्टि आपल्या अंगवळणीं पडलेली आहे. ज्यास आपल्या माणसाचें मुख शेवटीं पाहतां आलें नाहीं, त्यानें बागेंतील शिळेसमोर उभें राहावें. तींत त्यास आपलें मुख दिसेल, आणि मुलाच्या मुखांत आईबापांची ठेवण असतेच.

म्हणून आमचा कौल काळ्या घोटीव शिळेस आहे. चकचकीत पोलादाचीं शिल्पें हल्लीं फार नांवाजलीं जातात. मुंबईस १९५४ सालीं जन्मलेले अनिश कपूर यांचें शिकागोमधील प्रचंड शिल्प १६८ पोलादी पत्र्यांचें आहे. परंतु लोकांचे हात लागतात तो खालचा भाग तेथें रोज पुसावा लागतो. आमच्याकडील उन्हाळ्यांत पोलाद तापेल, आणि आंत वळलेला आरसा असल्यास ऊन एके ठिकाणीं गोळा होऊन अपघातही होईल. दगडाचें काम आपल्या लोकांस परकें नाहीं. १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यांतच असलेल्या औंढा नागनाथाच्या देवळाच्या भिंती पाहिल्या, म्हणजे या प्रांतांतील पाथरवटांचा हात कसा होता तें कळतें.

काम देतांना चार गोष्टी सांभाळाव्या. निवड नांवें झांकून व्हावी, म्हणजे वशिल्यास जागा राहणार नाहीं. निवडणाऱ्यांत दोन शोकग्रस्त घरांतील माणसें व एक परिचारिका अवश्य असावी. मृतांचीं नांवें कोरावयाचीं तर घरच्यांच्या संमतीनेंच. कित्येकांस तें नको असेल, आणि त्यांचें मौनही मानावें. देणगीदाराचें नांव शिळेच्या मागें, लहान अक्षरांत असावें.

शिवाय ही बाग आजाऱ्यांची आहे, हें विसरतां कामा नये. बरा होत आलेला रोगी काठी टेकीत तेथें येईल. त्यास चितेचें चित्र दाखवूं नये. साचलेलें पाणी ठेवूं नये. रुग्णालयाच्या दारांतच डासांची पैदास नको. एखाद्या कडुनिंबाखालीं सावलींत शिळा असावी, समोर पाठीला टेकूं देणारा बाक असावा, व चाकांची खुर्ची जाईल अशी सपाट वाट असावी. शिळा पुसण्याकरितां वर्षाची तरतूद पहिल्याच दिवशीं करून ठेवावी.

लंडनमध्यें तर एवढ्या तयारीचीही वाट लोकांनीं पाहिली नाहीं. मार्च २०२१ मध्यें टेम्स नदीकांठीं, सेंट टॉमस रुग्णालयालगतच्या भिंतीवर, शोकग्रस्तांनीं व स्वयंसेवकांनीं करोनाच्या प्रत्येक मृतामागें एकेक तांबडें हृदय हातानें रंगविलें. आज अर्ध्या किलोमीटरच्या त्या भिंतीवर दोन लाखांहून अधिक हृदयें आहेत. रंग उन्हानें उडतो व स्वयंसेवक तो पुन्हा भरतात. शिल्पकार नाहीं, फीत कापणारा मंत्री नाहीं. तरी तें स्मारक त्या लोकांस आपलें वाटतें.

आमच्या वाचकांच्या घरांतून अशा कामास लागणारीं माणसें आहेत. कोणी वकील आहेत, कोणी डॉक्टर, कोणी नगरपालिकेंत वजन असलेले. बहुतेक घरांतून एखादी तरी माउली अशी आहे, जी त्या वर्षांतील एक नांव घेतांना अजूनही थांबते. रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांस एक अर्ज लिहावा, गांवांतील सर्व जातिधर्मांच्या अशा घरांस जाऊन विचारावें, आणि वर्गणी थोडी थोडी, पण पुष्कळांची घ्यावी. ज्यांच्याकरितां ही शिळा उभारावयाची, ते आईबाप व त्या विधवा आतां वृद्ध होत चालल्या आहेत. त्यांस तेथवर चालत जातां येईल तोंवर हें काम व्हावयास हवें.